कोकणातल्या वर्गात अस्सल कागद येऊ द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री आणि मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,

सादर नमस्कार.

हे पत्र तुम्हा दोघांना मिळून लिहिते आहे, कारण माझं काम तुमच्या दोन खात्यांच्या मधोमध येतं. जुने कागद सांस्कृतिक कार्य विभागाकडे आहेत. पुराभिलेख संचालनालय त्याच विभागात, दर्शनिका म्हणजे गॅझेटियर काढणारा विभागही त्याच विभागात. मुलं, शिक्षक, पाठ्यपुस्तकं आणि परीक्षा शालेय शिक्षण विभागाकडे. कागद आणि मूल एकमेकांना भेटावेत एवढीच माझी मागणी आहे आणि ती कुठल्याही एका खात्याच्या सहीने पुरी होण्यासारखी नाही.

मी दापोली तालुक्यात, समुद्राला लागून असलेल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्याकडे मच्छीमारांची मुलं आहेत, बागायतदारांची आहेत, मुंबईला नोकरीला गेलेल्या बापांची आजीकडे राहणारी मुलं आहेत. सध्याच्या सातवी, आठवी आणि नववीच्या इतिहासाच्या पुस्तकांचा पहिला धडा एकाच नावाचा आहे, 'इतिहासाची साधने'. भौतिक, लिखित, मौखिक असे प्रकार त्यात नीट समजावून सांगितले आहेत. ज्यांनी हा धडा पहिला ठेवला त्यांचा हेतू मला मनापासून पटतो. पण दुसऱ्या धड्यापासून साधनं मागे पडतात आणि निष्कर्ष तेवढे उरतात. वर्षभर मूल निष्कर्ष पाठ करतं. 'लिखित साधनांत पत्रव्यवहाराचा समावेश होतो' हे वाक्य त्याला येतं, पण एकही जुनं पत्र त्याने वाचलेलं नसतं.

ते वाचायला मिळालं तर काय होतं, हे सांगते.

आमच्या विद्यार्थ्यांना हर्णैचा सुवर्णदुर्ग रोज दिसतो. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवागड आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले, त्यांत हा एक आहे. एप्रिल 1755 मध्ये इंग्रजांच्या कमोडोर विल्यम जेम्स याने कोकणातले आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्याकडून तो घेतला. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. इंग्रजांच्या बाजूची हकिगत इंटरनेटवर सहज मिळते. मी तिच्यातला अर्ध्या पानाचा भाग छापून, खाली सोपं मराठी देऊन नववीच्या वर्गात वाटला. तोफांचा मारा, दारूच्या कोठाराला लागलेली आग, किल्ल्याचा पाडाव, सगळं त्यात होतं. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "बाई, तेव्हा उधाण होतं की भांग?"

तो मुलगा बापाबरोबर होडीवर जातो. किल्ल्याच्या कुठल्या अंगाला खडक आहेत, कुठे पाणी उथळ आहे, मोठं जहाज कितपत जवळ येऊ शकेल, हे त्याला डोळे मिटून सांगता येतं. उधाण म्हणजे अमावस्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान भरती. त्याच्या प्रश्नाला उत्तर आहे. इंग्रजी कागदात तारीख आहे, तारखेवरून तिथी काढता येते आणि तिथीवरून उधाण की भांग ते कळतं. त्या दिवशी वर्गाने स्वतः तिथी काढली. मग एका मुलीने दुसरा प्रश्न टाकला. किल्ल्यात जी माणसं होती त्यांनी काय लिहिलंय? आणि मग तिसरा, पेशव्यांच्या माणसांनी पुण्याला काय कळवलं?

इतिहास या विषयात मुलांना जे शिकवायचं ते हेच आहे, असं मी मानते. कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, तो स्वतः तिथे होता का, दुसऱ्या बाजूचं काय. हे प्रश्न फळ्यावर लिहून देऊन येत नाहीत. कागद हातात आला की ते आपोआप येतात.

आता अडचण. त्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी बसले तेव्हा साधनं नव्हती असं नाही, भरपूर होती. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड 1930 ते 1934 या काळात सरकारनेच छापले. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड आहेत. शिवकालातले इंग्रजी पत्रव्यवहार 1931 साली पुण्यातून एकत्र प्रसिद्ध झाले, राजापूरच्या वखारीची पत्रं त्यांत आहेत. यांतलं बरंचसं कोणी ना कोणी स्कॅन करून इंटरनेट अर्काइव्हवर ठेवलेलं आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' आहे, केंद्राचं 'इंडियन कल्चर' पोर्टल आहे. पण हे सगळं संशोधकाच्या सोयीने ठेवलंय. पाचशे-सहाशे पानांची एकेक फाइल, आत मजकुराचा शोध चालत नाही, खंडाचं नाव रोमन लिपीत कसंतरी लिहिलेलं, आणि आपल्या गावाबद्दलचं पान नेमकं कुठे आहे हे सांगणारं कोणी नाही. सात तासिका, पेपर तपासणी, पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं उरकून रात्री शिक्षक ते शोधणार आहे. शोधेल एखादा. बाकीच्यांनी शोधलं नाही म्हणून मी त्यांना दोष देणार नाही.

शोधायचं तरी कुठल्या नावाने? सुवर्णदुर्ग म्हणून शोधलं तर अठराव्या शतकातलं इंग्रजी काही हाती लागत नाही. इंग्रजांनी त्याला सेव्हर्नड्रूग लिहिलंय. विजयदुर्ग त्यांच्या कागदात घेरिया आहे. बाणकोट घेतल्यावर त्यांनी त्याचं नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं आणि 1765 मध्ये सिंधुदुर्ग घेतला तेव्हा त्याचं फोर्ट ऑगस्टस केलं. चौलची तर ग्रीक, अरबी, पोर्तुगीज अशी किती रूपं. सेमुल्ला, सैमूर, शौल. ही जुनी नावं ज्याला माहीत आहेत त्याच्यासाठी दार उघडं आहे, ज्याला नाहीत त्याला तिथे दार आहे हेसुद्धा कळत नाही. कोकणातल्या दोन-अडीचशे बंदरं, किल्ले, नद्या आणि पेठांची अशी जुन्या-नव्या नावांची एक मराठी सूची संकेतस्थळावर ठेवली तर त्याला फार पैसे लागणार नाहीत. दर्शनिका विभागातल्या जाणकारांना हे काम अवघड नाही. शिक्षकाचे किती कष्ट वाचतील याची कल्पना करा.

त्या सेव्हर्नड्रूगवरून आठवलं म्हणून सांगते. लंडनच्या आग्नेय भागात, शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर, सेव्हर्नड्रूग कॅसल नावाचा एक तिकोनी बुरूज आहे. जेम्सच्या विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ तो 1784 मध्ये बांधला. हर्णैच्या मुलांना हे दाखवलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते कुठल्याही स्वाध्यायाने आलं नसतं. आपल्या समोरच्या खडकाचं नाव तिकडे एका मनोऱ्यावर का गेलं, तो मनोरा कोणाच्या विजयाचा आहे, आणि इकडे हर्णैत तुळाजीच्या माणसांची आठवण सांगणारं काय आहे? वर्ग बराच वेळ बोलत होता. ग्रीनिचच्या संग्रहालयात फेब्रुवारी 1756 मधल्या विजयदुर्गाच्या पाडावाचं डॉमिनिक सेरेस याचं एक मोठं तैलचित्र आहे, तेही नेटवर पाहायला मिळतं. जळती जहाजं, धूर, किल्ला. मुलांना मी एवढंच सांगितलं की चित्रकार तिथे हजर नव्हता. मग चित्रातलं काय खरं धरायचं आणि काय नाही, हे त्यांनीच ठरवायला घेतलं.

मोडीचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे. पेशवे दप्तरातला मूळ कागद मोडीत आहे आणि आज मोडी वाचणारी माणसं मोजकी. पुराभिलेख विभागाचे मोडीचे प्रशिक्षणवर्ग होतात, ते चांगले आहेत, वाढवावेत. पण प्रत्येक इतिहास शिक्षकाने मोडी शिकावी ही अपेक्षा मी करणार नाही. मुलांच्या हाती मूळ कागदाचं स्वच्छ छायाचित्र यावं आणि शेजारी ओळीला ओळ लावून बाळबोधीतला, म्हणजे देवनागरीतला मजकूर यावा. तेवढ्याने काम होतं. मूल चार अक्षरं स्वतः ओळखतं. 'श्री' ओळखतं, 'राजश्री' ओळखतं आणि मग कागदाला चिकटतं.

तारखेचंही तसंच. मराठी कागदात 'खमस खमसैन मया व अलफ' असं वर्ष आलं की मोठी माणसंसुद्धा बिचकतात. खमस म्हणजे पाच, खमसैन पन्नास, मया शंभर आणि अलफ हजार. बेरीज 1155. हे शुहूर सन, म्हणजेच अरबी सन. मृग नक्षत्र लागलं की, जूनच्या सुरुवातीला, ते बदलतं. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला त्यात 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या कागदाला 600. म्हणजे सुवर्णदुर्ग पडला तो एप्रिल 1755 या 1155 सालात येतो आणि पुढल्या फेब्रुवारीतला विजयदुर्ग 'सीत खमसैन' मध्ये, 1156 सालात जातो. आमच्या मुलांना मृग कधी लागतो ते शिकवावं लागत नाही, त्यांच्या घरात त्या दिवसाची वाट पाहिली जाते. गणिताच्या तासाला कंटाळणारी पोरं हे गणित हौसेने करतात.

गॅझेटियरबद्दल, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाबद्दल दोन शब्द, कारण बहुतेक शिक्षकांच्या हाती पहिल्यांदा तेच लागतं. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा, तो 1880 चा. अकरावा कुलाबा आणि जंजिऱ्याचा, 1883 चा. दोन्ही नेटवर आहेत. खोतीची पद्धत (गावचा सारा सरकारसाठी वसूल करणाऱ्या खोतांची), पिकं, मासे, होड्या, बंदरांचा व्यापार, गावोगावच्या नोंदी, असा ऐवज दुसरीकडे एकत्र मिळत नाही. पण 1755 च्या लढाईसाठी गॅझेटियर हे दुय्यम साधन आहे, सव्वाशे वर्षांनी लिहिलेलं. 1880 च्या कोकणासाठी मात्र ते समकालीन आहे. आणि तिथेही लिहिणारा इंग्रज अंमलदार आहे. जातींची वर्णनं करताना अख्ख्या समाजाला तो एका विशेषणात बसवतो. हे पान मुलांपुढे नुसतं टाकलं तर त्यातलं विषही तसंच पुढे जाईल. सोबत चार ओळी हव्यात, की हे कोणी लिहिलं, कशासाठी लिहिलं, आणि ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना कोणी विचारलं होतं का. या चार ओळी लिहिणारा जाणकार माणूस सरकारने द्यावा.

आता मी ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे त्या गोष्टीकडे येते.

आमच्याकडे जुने कागद हे केवळ जुने नसतात. महाड आमच्यापासून फार लांब नाही, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यातच आहे. 20 मार्च 1927 ही तारीख दहावीपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण चवदार तळ्याची गोष्ट त्या एका दिवसाची नाही, ती कागदांची एक लांब साखळी आहे. ऑगस्ट 1923 मध्ये सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तळं खुलं करण्याचा ठराव केला. 1927 च्या मार्चमध्ये परिषद आणि तळ्यावरचा मोर्चा. 3 एप्रिल 1927 ला बाबासाहेबांचं 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये आधी सवर्णांचा न्यायालयात दावा, मग दुसरी परिषद, 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन. आणि 17 मार्च 1937 ला मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल.

तो निकाल आज कोणालाही नेटवर वाचता येतो. अस्पृश्यांना तळ्यावर येऊ द्यायचं नाही ही अनादि काळापासूनची रूढी आहे, असा वादींचा दावा होता, आणि तो त्यांना सिद्ध करता आला नाही असं न्यायालय सांगतं. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड, म्हणजे 1922 मध्ये गांधीजींना शिक्षा सुनावणारेच. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे महाराष्ट्र शासनाने काढलेले इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, महाडचे कितीतरी कागद त्यांत आहेत. ठराव कागदावर झाला तरी तळ्यापर्यंत पोहोचायला काय लागलं, आणि पोहोचल्यावरही न्यायालयाचा कागद यायला दहा वर्षं का लागली, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या चार-पाच कागदांतून जितकं कळेल तितकं माझ्या व्याख्यानातून कळणार नाही. पण निकाल कायद्याच्या इंग्रजीत आहे, ठराव एका ठिकाणी, वर्तमानपत्राचा मजकूर दुसऱ्या ठिकाणी. हे सगळं एका पाकिटात, मराठीत, वर्गाला पेलेल एवढ्या मापाचं करून देणारं कोणी हवं.

खोतीचं त्याहून नाजूक. 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्याआधी 1933 पासून अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली वर्षानुवर्षं जमिनी न कसण्याचा संप केला. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा. माझ्या वर्गात एकाच बाकावर खोताच्या घरची मुलगी आणि कुळाच्या घरची मुलगी बसते. दोघींच्या पणजोबांची नावं कदाचित एकाच जमाबंदीच्या कागदावर असतील. असा कागद शिक्षकाने स्वतःहून वर्गात आणला की संध्याकाळी कोणीतरी शाळेत येऊन विचारतं, जुनी मढी कशाला उकरता? एका शाळेत असा आवाज उठला आणि तिथल्या सरांनी तो धडा पुस्तकापुरता उरकला, हे मला ठाऊक आहे. त्या सरांना भित्रं म्हणायला मी तयार नाही. त्यांच्या पाठीशी छापील, शासनमान्य, दोन्ही बाजूंचे कागद दिलेला संच असता तर ते उभे राहिले असते. शिक्षकाने निवडलेला कागद ही त्याची खोडी ठरते, शासनाने दिलेला कागद हा अभ्यास ठरतो. म्हणून तुमच्याकडे मागते आहे.

मला हवे आहेत ते तालुकावार संच. नवं पोर्टल, त्याचं उद्घाटन आणि लॉगिनचा पासवर्ड नको. एका तालुक्याला वीस-पंचवीस कागद पुरे. प्रत्येक कागदाचं छायाचित्र, बाळबोध मजकूर, सोपं मराठी, कोणी कोणाला आणि का लिहिलं याच्या चार ओळी, आणि मूळ कुठे आहे त्याचा पत्ता. मूळ कुठे आहे ही ओळ मी फार महत्त्वाची मानते. हल्ली मुलांच्या मोबाइलवर महाराजांचं 'अस्सल पत्र' म्हणून रोज काही ना काही येतं, यंत्राने बनवलेली चित्रं तर आता खऱ्या फोटोसारखी दिसतात. हा कागद कुठल्या दप्तरात आहे, कोणी वाचला, कुठे छापला, हे विचारायची सवय ज्या मुलाला लागली ते मूल फसणार नाही.

अलिबागच्या संचात आक्षीचा शिलालेख असावा. सूर्य-चंद्र आणि खाली गधेगाळ, म्हणजे दान मोडणाऱ्याला दिलेल्या शिवीचं शिल्प, असलेला तो दगड. बऱ्याच अभ्यासकांनी त्यावर शके 934, म्हणजे इ.स. 1012 वाचलं आहे आणि त्या वाचनावर वादही आहे. वादासकट द्यावा, मुलांपुढे एकच उत्तर ठेवू नये. चौलसाठी अफनासी निकितीन या रशियन व्यापाऱ्याच्या प्रवासातलं पान घ्या, पंधराव्या शतकात तो तिथे उतरला होता. रत्नागिरीच्या संचात ब्रह्मदेशाचा राजा थिबा याच्याविषयीचा सरकारी पत्रव्यवहार. 1886 पासून 1916 मध्ये मरेपर्यंत तो राजा रत्नागिरीत नजरकैदेत होता आणि आपल्या मुलांना त्याचा राजवाडा फक्त सहलीचं ठिकाण म्हणून माहीत आहे. देवगडच्या संचात 'दर्पण'चं पान. 6 जानेवारी 1832 ला ते सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे, आणि पत्र मराठी-इंग्रजी दोन्ही भाषांत निघायचं, भाषेच्या तासालाही उपयोगी पडेल. राजापूर-लांज्याकडे कातळशिल्पं आहेतच. आणि सगळ्याच संचांत जनगणनेची काही पानं घालावीत, मुंबईत राहणाऱ्यांची जन्मस्थानं सांगणारी. आमच्या प्रत्येक घरातून कोणी ना कोणी मुंबईला गेलंय, ते कधीपासून आणि किती, हे आकड्यांत पाहिलं की मुलं घरी जाऊन आजीला विचारतात. 17 जुलै 1947 ला रेवसला जाताना बुडालेल्या रामदास बोटीच्या बातम्या रायगडच्या मुलांनी वाचल्याच पाहिजेत. सहाशेहून अधिक माणसं गेली, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, आणि पाठ्यपुस्तकात ती कुठे नाही.

हक्कांची अडचण पुढे करू नये, ही विनंती. आपल्या कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं आणि लेखकाचा मृत्यूनंतर साठ वर्षं. गॅझेटियर, पेशवे दप्तराचे खंड, जुने अहवाल, सगळे कधीच मोकळे झाले आहेत.

आणि संच नेटवर ठेवलात तरी नेटवर विसंबू नका. आमच्याकडे रेंजसाठी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर जावं लागतं. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. तिनशे एमबीची फाइल उघडण्याआधी तास संपतो. लहान आकाराची चित्रं, एका पेन ड्राइव्हमध्ये मावतील अशी, आणि केंद्रशाळेत एक छापील प्रत. परदेशी संकेतस्थळांच्या लिंका देऊन तर मुळीच थांबू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला तेव्हा तिथल्या डिजिटल सेवा कित्येक महिने बंद होत्या. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हल्ला झाला. ज्या शिक्षकाने फक्त लिंक लिहून ठेवली होती त्याच्या हाती तेव्हा काही उरलं नाही. आपल्या प्रांताचे कागद आपल्याकडे उतरवून घेतलेले असावेत.

घरांतले कागद तर त्याहून अगतिक आहेत. खोतांच्या घरी दप्तरं आहेत, देवस्थानांकडे सनदा आहेत, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांच्या जुन्या वह्या आहेत, गलबतं चालवणाऱ्या घरांत मालाच्या चोपड्या आहेत. हे सगळं माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळाने आमच्या पट्ट्यातली कौलं उडवली आणि मागून पाऊस आला. केळशी, आंजर्ले, हर्णै इथल्या कित्येक माळ्यांवरचं त्या दिवशी भिजून लगदा झालं. काय होतं ते कोणी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे काय गेलं हेही कधी कळणार नाही. पुढल्या वर्षी 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. 1864 साली स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची हजारो पुस्तकं भिजली. वाळवी आणि ओल यांना आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोसतोय, पण वादळं आता वरचेवर येऊ लागली आहेत.

यावर एक करता येईल. जिल्ह्यात दोन ठिकाणी, एक रत्नागिरीच्या 1828 सालच्या जुन्या जिल्हा नगर वाचनालयासारख्या संस्थेत आणि एक उत्तरेकडे, आठवड्यातून एक दिवस स्कॅनर आणि जाणकार बसवा. लोकांनी आपले कागद घेऊन यावं, समोर छायाचित्र काढून मूळ कागद त्याच क्षणी परत द्यावा. 'परत द्यावा' हे शब्द शासननिर्णयात स्पष्ट लिहा. एकदा दिलेला कागद पुन्हा मिळत नाही ही भीती आमच्याकडे फार खोल आहे, आणि तिला कारणं आहेत. जमिनीच्या वादाचे कागद लोक दाखवणार नाहीत, तेही समजून घ्या. मालकाने हो म्हटलं तेवढंच संचात घ्या.

मनुष्यबळाचं म्हणाल तर बी.एड.च्या प्रशिक्षणार्थींना शाळेतल्या अनुभवाचं काम असतंच. इतिहास विषय घेतलेल्यांना दहा पानांचा बाळबोध मजकूर तयार करायला द्या, मोडीचा जाणकार तपासून देईल. सेवेतल्या शिक्षकांनी हे काम केलं तर ते प्रशिक्षणाच्या तासांत धरा. सुट्टीत, स्वखर्चाने, हौस म्हणून करणारे आमच्यात आहेत, पण त्यांच्या हौसेवर व्यवस्था उभी राहत नाही.

शेवटचं परीक्षेचं, आणि ते टाळता येणार नाही. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राची लेखी परीक्षा 40 गुणांची. त्यात उताऱ्यावरचा प्रश्न आहे आणि तो उतारा पाठ्यपुस्तकातला असतो. त्या जागी न पाहिलेल्या एका अस्सल कागदाचा तुकडा ठेवा. आठ-दहा ओळींचा, सोप्या मराठीतला. कोणी लिहिलं, कशावरून म्हणता, यात कोणाची बाजू आलेली नाही, असे चारच गुणांचे प्रश्न. ते चार गुण आले की गावोगावचे क्लाससुद्धा साधनं शोधू लागतील आणि पालक विचारतील आमच्या शाळेत संच आलाय का. गुण नसलेली गोष्ट जून महिन्यात सुरू होते आणि सहामाहीला बंद पडते, हे तुमच्या दोन्ही खात्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

सुरुवात दापोली, मंडणगड आणि महाड या तीन तालुक्यांपासून करा. दोन जिल्हे आहेत, पण मुलांच्या दृष्टीने हा एकच मुलूख आहे. सुवर्णदुर्ग, बाणकोट, आंबडवे आणि चवदार तळं एवढ्यात बसतं, आणि यांचे बहुतेक कागद छापलेले किंवा स्कॅन झालेले असल्यामुळे पहिल्या संचाला नवा शोध जवळपास लागणारच नाही. आमच्या तालुक्यातले इतिहासाचे काही शिक्षक मिळून सुवर्णदुर्गाची इंग्रजी पानं आणि त्यांचं मराठी आत्ताही देऊ शकतो. पेशवे दप्तरातली त्याच महिन्यांची पत्रं कोणीतरी जाणकाराने काढून द्यावीत, तेवढी आमच्या आवाक्याबाहेर आहेत. त्या मुलीचा तिसरा प्रश्न अजून वहीत तसाच लिहिलेला आहे आणि ती पुढल्या वर्षी दहावीला जाईल.

उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
इतिहास शिक्षिका,
दापोली तालुका, जि. रत्नागिरी